पाणी परवा

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचा. दुपारी बाराला बस थांबली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नकाशांची नळी घेऊन मी धाकट्याच्या घराचा जिना चढलो. किल्ली पहिल्याच झटक्यात फिरली. वर्षभर बंद असलेलं घर कुबट असेल असं वाटलं होतं, पण समोरच गाडीदुरुस्तीचं दुकान असलेल्या मिस्त्रीने कालच खिडक्या उघडून केर काढून ठेवला होता. टेबलावर दुधाची पिशवी आणि पावाचा पुडा. बरं वाटलं. फार दिवसांनी हाताला काम मिळालं आहे.

ही वही ठकीने दिली. ठकी म्हणजे माझी पुतणी, धाकट्याची एकुलती मुलगी. चोवीस वर्षांची, दूरच्या शहरात इस्पितळात नर्स आहे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, आणि मागच्या वर्षी बाप. मी बिनलग्नाचा. आता तिला मी आणि मला ती. वही देताना ती म्हणाली, की काका, तोंडाने बोलत नाही तर निदान हाताने बोला, आणि तार केल्यासारखं नको, पूर्ण वाक्यं लिहा.

तिचं खरं आहे. तीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. नकाशावर ‘विहीर’, ‘पूल’, ‘उतार’ एवढंच लिहायचं असतं. ‘इथे विहीर आहे’ असं कोणी लिहीत नाही. ती सवय बोलण्यात उतरली. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि शेवटपर्यंत जायचा मला कंटाळा.

बेत असा आहे: देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीपने जायचं. बारा दिवस, तीन हजार चारशे किलोमीटर. त्यात तीन पट्टे रस्ता सोडून. एक नदीच्या पात्रातून, एक मिठाच्या माळावरून आणि एक जंगलातल्या जुन्या लाकूडतोडीच्या वाटेने. धाकट्याने हा बेत दहा वर्षं घोळवला होता. ठकीला तो पुरा करायचा आहे. गाडी ती चालवणार, मी शेजारी बसून वाट सांगणार. सतराला निघायचं. ती सोळाला संध्याकाळच्या बसने येईल. तोवर आखणी पुरी करणं माझ्याकडे.

खाली गॅरेज, वर एकच लांब खोली. एक अख्खी भिंत नकाशाने झाकलेली. टेबल म्हणजे चार पायांवर आडवा टाकलेला जुना दरवाजा. कडीच्या भोकांत धाकट्याने पेन्सिली खोचून ठेवल्या आहेत. कोपऱ्यात घरचा फोन आहे, पण त्याची तार वर्षापूर्वीच तोडून नेली.

मिस्त्रीला जिन्यातून हाक मारली तेव्हा तो गाडीखालून अर्धा बाहेर आला आणि तसाच थांबला. मग हसला. म्हणाला, धाकटे साहेबच हाक मारतायत असं वाटलं. आम्हा दोघा भावांचे आवाज सारखे. फोनवर आईसुद्धा फसायची. नुसतं ‘मी’ म्हटलं की विचारायची, कोणता मी, कमी बोलणारा का जास्त बोलणारा? अक्षरही धाकट्याने माझंच उचललेलं. शाळेत स्वतःच्या रजेच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात लिहायचा, आणि मार मला बसायचा.

आज खूप लिहिलं. ठकी खूश होईल.

४ मार्च, बुधवार

धाकट्याची आखणीची वही सापडली. रकाने नीट आखलेले आहेत: दिवस, अंतर, डिझेल, पाणी, मुक्काम, वाट बंद असली तर दुसरी वाट. जास्त बोलणारा माणूस वहीत मात्र माझ्यासारखाच.

दुसऱ्या दिवसाचा पट्टा नदीच्या पात्राचा आहे. अडतीस किलोमीटर नुसती वाळू आणि गोटे. दोन्ही बाजूंना घरापेक्षा उंच कडे. मध्ये वर चढायला जागा एकच, बाराव्या किलोमीटरला डाव्या हाताला. वरच्या अंगाला धरण आहे. उन्हाळ्यात शेतीसाठी ठरलेल्या दिवशी तिथून पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. एरवी पात्र कोरडं असतं. मागच्या वर्षी अठरा मार्चला धाकटा वाट बघून ठेवायला एकटाच या पात्रात उतरला, आणि पाणी आलं. तो तेराव्या किलोमीटरला सापडला. गाडी आणखी सहा किलोमीटर पुढे.

त्याबद्दल आज एवढंच.

मी भिंतीवरच्या नकाशातली त्या पट्ट्याची लाल रेघ खोडरबराने पुसली आणि डांबरी रस्त्याने वळसा घालून निळी काढली. नव्वद किलोमीटर वाढले. संध्याकाळी ठकीला फोन करून सांगितलं, की पात्राची वाट बंद. तिने विचारलं, कोणी केली? म्हटलं, खात्याने. ती मग म्हणाली, की तिला अठरा तारखेला बाराव्या किलोमीटरच्या त्या चढावर थोडा वेळ बसायचं होतं, बाकी प्रवास नाही झाला तरी चाललं असतं. बाबा त्या चढापासून एकच किलोमीटर पुढे गेले, हे तिच्या डोक्यातून जात नाही. बाबांसारखा सावध माणूस चौकशी न करता उतरलाच कसा?

मी ‘हं’ म्हणालो.

खात्याने काही बंद केलेलं नाही. ते मी केलं.

६ मार्च, शुक्रवार

गाडी तीच आहे. पाण्यातून काढून मिस्त्रीने वर्षभरात उभी केली. ठकीचा हट्ट होता. मी खाली गेलो तेव्हा तो पुढच्या दिव्याची काच काढून आतला गाळ चमच्याने खरवडत होता. म्हणाला, “साहेब, इंजिन चार वेळा खोललं. दर वेळी नदी निघते.” वर हेही म्हणाला, की गाडीला तोंड असतं तर तिने धाकट्या साहेबांना अशा शिव्या दिल्या असत्या की त्यांनी स्वर्गातून कान धरले असते. पान्हा पुसत तो बराच वेळ हसत होता. मलाही हसू आलं.

दुपारी पाण्याचा हिशेब केला. माणशी रोज पाच लिटर, दोन माणसं, बारा दिवस. एकशेवीस. गाडीसाठी वरचे वीस. एकूण एकशेचाळीस. तेवढे कॅन आणायला मिस्त्रीला यादी दिली. तो तासाने आला तो दोनशे लिटरचे कॅन घेऊन. मी म्हटलं, जास्त. त्याने यादी दाखवली. दोनशेच लिहिलं होतं. वही उघडली. ‘माणसं’ या रकान्यात तीन. अक्षर माझंच. माझा तीन नेहमी शेपूट ओढलेला असतो.

साठ लिटर पाणी जास्त झाल्याने कोणी मरत नाही. साठी उलटली की असं होतं. खोडून दोन केले.

८ मार्च, रविवार

सकाळी उठलो तर नकाशावर लाल रेघ होती.

खोडलेली होती हे नक्की. रबराचा चुरा अजून जमिनीवर आहे. निळी रेघ मात्र नव्हती. नुसती पुसलेली नाही, कधी काढलीच नव्हती अशी. पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो, आरेखकाला तो बोटाने कळतो. मी बोट फिरवलं. काही लागलं नाही.

आखणीच्या वहीत दुसऱ्या दिवसासमोर: ‘पात्रातून. ३८.’ ‘माणसं’ रकान्यात पुन्हा तीन. शेपूट ओढलेला.

मनाशी म्हटलं, झोपेत केलं असेल. शोकात माणसं काय काय करतात. लाल रेघ पुन्हा पुसली. या वेळी ब्लेडने कागदाचा पापुद्राच काढला. बोटं ओली लागली. नकाशाची भिंत आतल्या बाजूची आहे, तिच्यात नळ नाही. पाणीपुरवठ्याच्या माणसाने भिंतीत नळ आहे का हे तरी ओळखावं.

१० मार्च, मंगळवार

ठकीचा फोन आला. इतकी आनंदात मी तिला वर्षभरात ऐकली नव्हती. म्हणाली, “काका, तुम्हाला झालंय काय? चाळीस मिनिटं बोललात सकाळी. मला वाटलं, कोणी दुसराच काका मिळाला.” पात्राची वाट उघडली हे मीच तिला सांगितलं म्हणे. बाबांच्या लहानपणीच्या गमती सांगितल्या, रजेच्या चिठ्ठ्यांची सांगितली. ती हसून हसून रडली.

मी सकाळी कोणाला फोन केलेला नाही. सकाळी मी दूध तापवत होतो.

तेव्हाच सांगायचं होतं. पण ‘तो मी नव्हतो’ म्हटलं तर ‘मग कोण?’ आलं, आणि त्या उत्तराच्या मागे दुसरं उत्तर आहे. ती बोलत राहिली. मी ‘हं’ म्हणत राहिलो. तिने फोन ठेवला.

आता इथे तरी लिहितो. मागच्या वर्षी सोळा मार्चला धाकट्याने इथूनच मला सांगितलं होतं, की धरणावर चौकशी करून कळव. त्याला निघायची घाई होती. मी चौकीदाराला फोन केला. तो म्हणाला, पाणी परवा सोडणार. मी धाकट्याला मोबाइलवर निरोप धाडला. दोन शब्दांचा.

‘पाणी परवा.’

गेलेल्या दिवसालाही परवा म्हणतात आणि येणाऱ्या दिवसालाही. पुढे ‘सोडणार’ लिहिलं असतं तर झालं असतं. माझ्या डोक्यात होतं, म्हणून लिहिलं नाही. त्याला वाटलं, परवा सोडून झालं, आता पात्र मोकळं. त्याने उत्तर धाडलं: ‘बरं झालं. मग निवांत जातो.’ आमच्या घरात कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. तेही मला खटकलं नाही. मी ‘बरं’ म्हणून कळवलं.

त्याचा मोबाइल नदीत गेला. माझ्या मोबाइलमधला निरोप मी पुसला. कोणाला सांगितलेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

गाडीत मागे एक सीट बसवली आहे. आतापर्यंत मागे फक्त कॅन होते. मिस्त्री म्हणाला, साहेब, काल तुम्हीच तर खाली येऊन सांगितलंत. ती सीट पुढच्या दोघांच्या बरोबर मागे, मधोमध हवी होती म्हणे, म्हणजे मागच्याला दोघांच्या खांद्यावर हात ठेवता येतील.

काल दिवसभर मी वर होतो.

सीट नवी आहे. मी हात ठेवला. पाणी वर आलं. फडक्याने पुसली, दाबली, पुन्हा पाणी. मिस्त्री म्हणाला, स्पंज दुकानातूनच दमट आला असेल. पण हे म्हणताना तो सीटकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, की काल मी फार छान बोलत होतो, आज काय झालं?

१३ मार्च, शुक्रवार

ठकीला सगळं सांगायचं ठरवलं. तोंडाने जमणार नाही म्हणून आधी कागदावर लिहिलं, वाचून दाखवायला. पूर्ण वाक्यं लिहिली. दोन पानं झाली. वर वजन ठेवून चहा करायला गेलो. पाच मिनिटं.

परत आलो तर कागद तिथेच. प्रत्येक वाक्यातलं शेवटचं क्रियापद खोडलेलं. रबराने, स्वच्छ, कागद न दुखवता. असं खोडायला मीच त्याला शिकवलं होतं.

‘तुझ्या बाबांना मी. तो निरोप माझा. चूक माझी. पात्रात तू. पाणी.’

चुरा फुंकला. ओला होता, उडाला नाही. तेवढे चार शब्द तरी वाचून दाखवावेत म्हणून फोन लावला. ठकी वॉर्डात होती. निरोप ठेवू का, असं तिकडच्या बाईने विचारलं. मी घाबरून नको म्हणालो. निरोप नको.

१४ मार्च, शनिवार

गाडीची किल्ली गटारात टाकली. दुपारी मिस्त्री गाडी चालू करून बघत होता. म्हणाला, दुसरी तुम्हीच दिलीत ना.

त्याला म्हटलं, गाडी देऊ नकोस, कोणालाही. मी मागायला आलो तरी देऊ नकोस. तो हो म्हणाला. वेड्याला म्हणतात तसं.

ठकीला फोन लागला. मी म्हणालो, “पात्रात जायचं नाही.” तोंड हललं. घसा हलला. पण आवाज माझ्या तोंडातून आला नाही, तो पलीकडून आला. तिच्या बाजूने. मोकळा, हसरा, माझाच. तिला सांगत होता, की वाळू यंदा घट्ट आहे, टायरची हवा थोडी कमी करू, तुला मजा येईल. ती हसत होती. मी कानाला लावून उभा. दोघं बोलत होते. मला कोणी काही विचारलं नाही.

१५ मार्च, रविवार

नकाशावर पापुद्रा काढलेल्या जागी लाल रेघ. बाराव्या किलोमीटरशेजारी बारीक अक्षरात:

‘दादा, परवा.’

आला होता? येणार आहे? परवा शुक्रवार होता. परवा मंगळवार आहे. शुक्रवारी खोलीत कोण —

टेबलाखाली बारीक वाळू. झाडली. केरसुणी जड झाली.

१६ मार्च, सोमवार. सकाळी

धरणावर फोन केला. वर्षापूर्वीचाच नंबर. चौकीदाराने उचलला. मी विचारलं, आवर्तन कधी? तो म्हणाला, पाणी परवा.

या वेळी मी सोडलं नाही. जन्मात पहिल्यांदा वाक्य पुरं केलं. “परवा सोडलं, की परवा सोडणार? कुठला परवा?”

तिकडे बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग माझ्याच आवाजात —

“तू लिहिला होतास तोच, दादा.”

तोच. पुढचा. अठरा.

ठकीला मोबाइलवर लिहिलं, ‘अठरा तारखेला पात्रात पाणी सोडणार आहेत, आत उतरू नकोस, मी बसस्टँडवर येतो, सगळं सांगतो.’ दहा वेळा वाचलं. धाडलं. धाडल्यावर पडद्यावर दोनच शब्द राहिले.

‘पाणी परवा.’

तिचं उत्तर लगेच आलं. ‘बरं झालं काका. मग निवांत जाऊ.’

फोन लावतोय. उचलत नाही. बसमध्ये असेल. आता स्टँडवरच जातो. समोर उभा राहून सांगेन. तोंडाने नाही तर हात धरून.

१६ मार्च. संध्याकाळी

ती उतरली नाही. पाचच्या बसमधून नाही, सहाच्याही नाही. तिथेच बाकावर कधीतरी मोबाइल खिशातून गेला.

गॅरेज रिकामं. मिस्त्री दारात. मला बघून दोन पावलं मागे गेला.

म्हणाला, ठकीताई दुपारीच आल्या, तुम्हीच लवकर बोलावलंत ना. चारला निघालात. एक दिवस आधी, म्हणजे वाटेत घाई नको. तुम्ही शेजारी बसला होतात. माझ्याशी हात मिळवलात. हसत होतात. मोबाइल तुमच्याच हातात होता. जाताना म्हणालात, जातो. मी म्हटलं, “साहेब, जातो काय, येतो म्हणा.”

मग त्याने विचारलं, की मी परत कसा आलो. आणि इतका भिजलो कसा. पाऊस तर नाही.

मी खाली बघितलं. पायाशी थारोळं झालं होतं. त्याने दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

१७ मार्च, मंगळवार

घराबाहेर पडता येत नाही. जिना उतरतो आणि वरच्या पायरीवर पोचतो. खिडकीतून मिस्त्रीला हाका मारल्या. त्याने मान वर केली. दिसलो नसेन. आवाज मात्र पोचला असावा, कारण त्याने हातातलं सगळं टाकलं आणि दुकान बंद करून गेला.

कोपऱ्यातला घरचा फोन उचलला. तार तोडलेली आहे, टोक माझ्या पायाशी आहे. तरी लागला. ठकीने उचलला. मागे इंजिनाचा आवाज. ती म्हणाली, हा तर आपल्या घरचा नंबर, हा बंद आहे, कोण बोलतंय?

मी म्हणालो, “मी.”

सवयीने. एवढंच.

 शेजारून माझ्या आवाजात कोणीतरी विचारलं, कोण गं? ती मात्र मलाच म्हणाली, अगदी हळू, लहान असताना म्हणायची तसं —

“बाबा?”

नाही म्हणायचं होतं. मी काका आहे म्हणायचं होतं. शेजारी बसलाय तो काका नाही — पण तोंडात वाळू. दातांवर, जिभेखाली. थुंकली. पुन्हा भरली. ती बाबा, बाबा करत राहिली. रडत होती. आनंदाने. मग लाइन —

१८ मार्च

आज परवा.

नकाशा वरून ओला होतोय. धरणाच्या खुणेपासून. डाग खाली सरकतो, लाल रेघेवरूनच, वळणं घेत. घड्याळ लावून बघितलं. दहा मिनिटांत एक किलोमीटर.

बाराव्यावर त्यांची गाडी. लहान लाल टिंब. मी काढलेलं नाही. थांबलंय. तिला तिथे बसायचं होतं.

चढ डाव्या हाताला. हात पुढे केला की —

दुसरी वाट काढतो. कड्यावरून वर. तीस वर्षं हेच केलं. पेन्सिल ओल्या कागदावर उठत नाही. नखाने ओढली. कागद फाटला. आत भिंत नाही, पाणी.

टिंब हललं. पुढे. बारा सोडून. चढ मागे राहिला. तिला वाट कोण सांगतंय —

जमिनीवर घोट्याएवढं. पेन्सिली भोकांतून निघून तरंगतायत.

फोन वाजतोय.

उचलला. ठकी. घाईत होती. मागे लांबून काहीतरी घरघरत होतं, तिला गाडी वाटली असेल. म्हणाली, “बाबा, काका म्हणतात पाणी परवाच सोडून झालं. तुम्ही सांगा. खरं का?”

एक शब्द. नाही. एवढाच. हा तर क्रियापदावाचूनही चालतो. तोंड उघडलं. सगळी वाळू बाजूला सारून, सगळा जोर लावून —

“हं.”

हेच आलं. आयुष्यभर हेच.

ती म्हणाली, बरं. निवांत ऐकू आली.

फोन अजून उघडा आहे. ती ऐकतेय. तोंडाने नाही तर हाताने, तूच म्हणालीस. पाणी कमरेला. वही वर धरली आहे. पूर्ण वाक्य लिहितो, ठके, मग ओरडून वाचतो. गाडी फिरव. मागे, बारावर, डाव्या हाताला चढ. शेजारचा मी नाही. पाणी आज, आत्ता. तुझ्या बाबांना तो निरोप मी